गळकी द्विदल झडप: लहान चीर, मोठी चीर की क्लिप?

वर्तकनगरकर (धागाकर्ता)

माझी थोरली बहीण ऐरोलीला राहते, वय ५८. तिच्या हृदयाच्या डाव्या बाजूचा वरचा आणि खालचा कप्पा यांच्या मधली द्विदल झडप, म्हणजे मायट्रल व्हॉल्व्ह, गळते आहे आणि ताज्या इकोच्या अहवालात ही गळती ‘सिव्हिअर’ म्हणून नोंदलेली आहे. मागच्या पाकळीचा मधला भाग ज्या बारीक तंतूंनी खालच्या कप्प्यातल्या स्नायूंना बांधलेला असतो, त्यांतला एक तंतू तुटला असून प्रत्येक ठोक्याला ती पाकळी वरच्या कप्प्यात उलटी जाते, असे निदान आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचे कोणाला आठवत नाही. अहवालातले दोन आकडे मुद्दाम देतो, कारण घरातली सगळी वादावादी त्यांच्यावरून सुरू झाली: इजेक्शन फ्रॅक्शन ६१ टक्के आणि आकुंचनाच्या अखेरीस खालच्या डाव्या कप्प्याचा व्यास ४१ मिलिमीटर.

आमचे भावोजी म्हणतात की ६१ टक्के हा आकडा चांगला आहे, हृदयाचे पंपिंग उत्तम चालले आहे, तेव्हा गोळ्यांवर निभवावे. ताईला मात्र स्टेशनचा जिना चढताना मध्ये एकदा कठड्याला धरून थांबावे लागते आणि रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही.

दोन सर्जनना दाखवून झाले. दोघेही शस्त्रक्रिया करा म्हणतात आणि झडप बदलण्याऐवजी दुरुस्त करता येईल असेही दोघांचे मत आहे, पण वाट वेगळी सांगतात. पहिले छातीचे मधले हाड उघडून करणार. दुसरे उजव्या स्तनाखाली, बरगड्यांच्या मधून, पाच-सहा सेंटीमीटरची चीर घेऊन, कॅमेऱ्याच्या साहाय्याने तेच काम करणार. त्यातच आमच्या एका मावसभावाने जांघेतल्या शिरेतून नेऊन बसवण्याच्या क्लिपची चित्रफीत कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, आणि तेव्हापासून चिरफाड हवीच कशाला, हा प्रश्न रोज नव्याने विचारला जातो.

मला कोणाकडून वैद्यकीय सल्ला नको आहे; तो डॉक्टरांकडूनच घेऊ. पण या तीन वाटांमध्ये निवड नेमकी कशावरून होते, दुसऱ्या भेटीत कोणते प्रश्न विचारले पाहिजेत आणि ज्यांच्या घरी यांतले काही झाले आहे त्यांना पुढे काय अनुभव आला, हे जाणून घ्यायचे आहे.

खाडीकाठ

मी ठाण्यातल्या एका निदान केंद्रात इको करते, त्यामुळे फक्त आकड्यांबद्दल लिहिते. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे खालच्या डाव्या कप्प्यातल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडले याचे माप. झडप धड असेल तर ते सगळे महारोहिणीत जाते. ताईंच्या बाबतीत त्यातला मोठा वाटा उलटा वरच्या कप्प्यात जातो, तरी मोजणीत तो ‘बाहेर पडलेला’ म्हणूनच धरला जातो. शिवाय मागे जायला वाट सोपी असल्यामुळे स्नायूला आकुंचन पावताना फारसा विरोध होत नाही. परिणामी या आजारात हा आकडा खोटा चांगला दिसतो. निरोगी माणसाचे ६१ आणि ताईंचे ६१ यांत फरक आहे, हे भावोजींना शांतपणे समजावून सांगा. झडपेतल्याच दोषामुळे गळती तीव्र झालेली असेल, तर इजेक्शन फ्रॅक्शन ६० पर्यंत उतरणे किंवा तो ४१ लिहिलेला व्यास ४० ला पोचणे, यांपैकी काहीही एक झाले की त्रास नसला तरी शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ताईंना तर त्रासही आहे. गोळ्यांनी फुप्फुसातले पाणी कमी होईल, धाप थोडी हटेल, पण तुटलेला तंतू गोळीने जोडला जात नाही.

दुसरे म्हणजे घशातून करायचा इको, ज्याला टीईई म्हणतात, तो झाला आहे का? नसेल तर तो होईपर्यंत कोणत्याही वाटेवर ठाम होऊ नका. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीला असते, त्यामुळे तेथून झडप फार स्पष्ट दिसते, आणि त्रिमितीय चित्र घेतले तर सर्जनला चीर घेण्याआधीच झडप वरच्या बाजूने पाहता येते. लोक या तपासणीला उगाच घाबरतात. काही तास उपाशीपोटी बोलावतात, घशात बधिर करणारा कडवट फवारा मारतात, दातांमध्ये प्लास्टिकची कडी ठेवतात आणि गुंगीचे औषध देऊन डाव्या कुशीवर झोपवतात. नळी गिळतानाचा अर्धा मिनिट ओकारी येते, ते तेवढेच. घसा पूर्ववत होईपर्यंत चहा-पाणी द्यायचे नाही, नाहीतर ठसका लागतो.

फावला वेळ

आमच्या सोसायटीतल्या आजोबांची झडप जांघेतूनच बदलली आणि तिसऱ्या दिवशी ते घरी आले. त्यांचे वय ७९ आहे. मग ५८ वर्षांच्या बाईची छाती उघडण्याचा आग्रह कशासाठी? मला तर यात रुग्णालयांची सोय दिसते.

खाडीकाठ

फावला वेळ, आजोबांचे बहुधा टावी, म्हणजे जांघेतून नळीने नवी झडप बसवण्याचे काम, झाले असावे. ती वेगळी झडप आहे, महारोहिणीच्या तोंडाची, आणि तिचा आजारही वेगळा: ती कॅल्शियम साचून अरुंद होते. त्या कडक कड्यात नवी झडप फुगवून घट्ट बसते. द्विदल झडपेचे कडे मोठे, मऊ आणि इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे असते, त्यात तसे काही सहजासहजी अडकून राहत नाही. त्यामुळे या दोन रुग्णांची तुलना करण्यात अर्थ नाही.

पंपवाला

मी हृदय शस्त्रक्रियेच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवणारा, म्हणजे पर्फ्युजनिस्ट होतो. मुंबईत नोकरी झाली, आता नेरूळला निवृत्त आयुष्य चालले आहे. दोन्ही प्रकारच्या दुरुस्त्या टेबलाच्या पायथ्याशी बसून वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट ही की लहान चिरेची शस्त्रक्रिया ‘लहान शस्त्रक्रिया’ नसते. चीर लहान असते. आत हृदय थांबवलेलेच असते, रक्त माझ्या मशीनमधूनच फिरत असते, वरचा डावा कप्पा उघडलेलाच असतो. फरक इतकाच की छाती उघडल्यावर नळ्या थेट हृदयाला लावतात, आणि बाजूने करताना जांघेतल्या रोहिणीतून व शिरेतून लावतात. हृदय थांबवून ठेवण्याचा वेळ लहान चिरेत सहसा जास्त लागतो, कारण लांब दांड्याच्या अवजारांनी खोलवर टाके घालायचे असतात.

झडपेवर प्रत्यक्ष काय करतात, तेही सांगतो. सैल झालेल्या पाकळीचा फाजील त्रिकोणी तुकडा काढून कडा शिवतात, किंवा काहीही न कापता गोर-टेक्सच्या दोऱ्याचे नवे तंतू घालून पाकळी योग्य उंचीला आणून बांधतात. त्यानंतर ताणून मोठे झालेले कडे आवळून धरण्यासाठी त्यावर रिंग शिवतात. ही रिंग आणि तिच्यामागचे सगळे शास्त्र पॅरिसच्या अलँ कार्पेंतिए यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उभे केले. आजही दुरुस्तीची भाषा त्यांचीच आहे. नव्या दोऱ्याची गाठ मारण्याआधी सर्जन मोठ्या पिचकारीने खालच्या कप्प्यात सलाईन भरतो. दोन्ही पाकळ्या शिडासारख्या फुगून एकमेकींना टेकतात आणि कोठून थेंब येतो का ते सगळे जण वाकून पाहतात. एखादा दोरा दोन मिलिमीटर लांब राहिला तरी तेथून धार दिसते. त्या क्षणी ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी बोलत नाही. मग हृदय चालू झाल्यावर पुन्हा घशातला इको पाहतात. गळती राहिली असेल, तर चांगला सर्जन मला ‘पुन्हा पंपावर चला’ म्हणायला कचरत नाही.

म्हणून माझ्या मते चिरेच्या लांबीचा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला, झडप कशामुळे गळते. दुसरा, तुमच्यासमोर बसलेला सर्जन अशा किती झडपा दुरुस्त करतो, त्यांतल्या किती ऐन वेळी बदलाव्या लागतात आणि ती वेळ आलीच तर कोणती झडप घालणार. न्यूयॉर्क राज्यातल्या नोंदींवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की वर्षाला २५ पेक्षा अधिक द्विदल झडपांचे काम करणाऱ्या सर्जनांच्या हातून दुरुस्तीचे प्रमाणही जास्त असते आणि ती टिकतेही जास्त. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. ज्याचे काम चांगले आहे त्याला तो विचारलेला आवडतो.

चिरेबद्दलचा पुरावा हवाच असेल तर ब्रिटनमधल्या १० रुग्णालयांत ३३० रुग्णांवर झालेली चाचणी पाहा, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांची छाती उघडली, निम्म्यांना बाजूची लहान चीर. सहा आठवड्यांनी लहान चिरेवाले हालचालीत पुढे होते, बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. रुग्णालयातला मुक्काम पाच दिवस विरुद्ध सहा दिवस. दुरुस्ती यशस्वी होण्याचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे ९६ टक्के. आणि हे सगळे सर्जन आपापल्या पद्धतीत मुरलेले होते, हेही ध्यानात ठेवा.

जाता जाता एक विचारतो. बाजूने करायचे असेल तर उजवे फुप्फुस बाजूला सारून हृदयापर्यंत पोचावे लागते. ताईंना पूर्वी कधी टीबी, न्यूमोनिया किंवा छातीत पाणी होणे असे काही झाले होते का?

सानपाडा स्लो

माझ्या वडिलांना क्लिप बसवली आहे, वय ८१. पण आमचे प्रकरण वेगळे होते, म्हणून ते समजून घेऊनच ताईंशी ताडून पाहावे.

वडिलांची झडप मुळात चांगली होती. जुन्या हार्ट अटॅकमुळे हृदय पसरले, त्याबरोबर कडे ताणले गेले आणि पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचेनाशा झाल्या. हिला दुय्यम गळती म्हणतात. अशा वेळी आधी औषधे पूर्ण मात्रेपर्यंत नेऊन पाहतात, जरूर असेल तर विशिष्ट प्रकारचा पेसमेकर, आणि त्यानंतरही गळती व त्रास राहिला तर क्लिपचा विचार होतो. २०१८ साली याच प्रश्नावर दोन मोठ्या चाचण्या एकाच सुमारास प्रसिद्ध झाल्या आणि त्यांची उत्तरे उलटी आली. अमेरिका-कॅनडातल्या ६१४ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत क्लिपवाल्यांपैकी सुमारे २९ टक्के दगावले, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के. फ्रान्समधल्या ३०४ रुग्णांच्या चाचणीत मात्र वर्षभराने काहीच फरक दिसला नाही. आमच्या डॉक्टरांनी याचे स्पष्टीकरण असे दिले की पहिल्या चाचणीत गळती हृदयाच्या पसरण्याच्या मानाने फार मोठी असलेले आणि औषधे कसोशीने दिलेले रुग्ण निवडले होते. ज्यांचे हृदयच फार खराब झाले आहे त्यांना झडपेवर चिमटा लावून उपयोग होत नाही.

क्लिपमागची कल्पना मिलानच्या ओत्ताव्हिओ अल्फिएरी यांची. त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही पाकळ्यांच्या कडा मधोमध टाक्याने जोडायला सुरुवात केली, म्हणजे एका मोठ्या भोकाची दोन लहान भोके होतात आणि मधली गळती थांबते. पुढे तेच काम शिरेतून नेलेल्या क्लिपने करण्याची सोय झाली आणि २००३ मध्ये पहिल्या रुग्णाला ती बसवली गेली. प्रत्यक्षात वडिलांना पूर्ण भूल दिली होती, उजव्या जांघेतल्या शिरेतून सुमारे आठ मिलिमीटर जाडीची नळी वर नेली, दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा सुईने भेदून डाव्या बाजूला गेले, आणि घशातल्या इकोवर पाहत पाहत पाकळ्या पकडल्या. क्लिप आवडली नाही तर सोडण्याआधी उघडून पुन्हा लावता येते, तशी आमची एकदा लावलीही. जांघेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा एकच टाका होता आणि तो दुसऱ्या दिवशी काढला. गळती ‘सिव्हिअर’वरून ‘माइल्ड’ झाली; ती शून्य झाली नाही आणि होईल असे कोणी सांगितलेही नव्हते.

ताईंसारख्या तुटलेल्या तंतूच्या आजारात क्लिप चालतच नाही असे नाही. अमेरिकेत तिला २०१३ साली पहिली मान्यता याच आजारासाठी मिळाली, पण ती ज्यांना शस्त्रक्रियेचा धोका फार जास्त आहे त्यांच्यापुरती. त्याआधी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्लिप आणि शस्त्रक्रिया यांची थेट तुलना करणाऱ्या २७९ रुग्णांच्या चाचणीत वर्षभराच्या आत क्लिपवाल्यांपैकी २० टक्क्यांना झडपेची शस्त्रक्रिया करावी लागली होती, शस्त्रक्रियावाल्यांपैकी २ टक्क्यांना पुन्हा करावी लागली. आणि क्लिप लावल्यावर पुढे दुरुस्तीची वेळ आली तर पाकळ्या चिकटून जाड झालेल्या असतात, तेव्हा बहुतेकदा झडप बदलावीच लागते. ५८ व्या वर्षी, बाकी प्रकृती धडधाकट असताना, हा सौदा मला तरी पटत नाही. खर्चही शस्त्रक्रियेच्या कित्येक पट आहे; एकट्या उपकरणाचीच किंमत डोळे पांढरे करणारी आहे.

शेवंती

मी कळव्याची. माझी झडप लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने, म्हणजे ऱ्हुमॅटिक आजाराने, खराब झाली. आपल्याकडे माझ्यासारख्या बायका खूप आहेत आणि या धाग्यावर ‘दुरुस्ती, दुरुस्ती’ वाचून त्यांची आशा नको तितकी वाढू नये म्हणून लिहिते.

या आजारात पाकळ्या जाड आणि आखूड होतात, कोपरे चिकटतात, तंतू एकमेकांत गुंततात. झडप धड उघडतही नाही आणि धड मिटतही नाही. गळती कमी आणि अरुंदपणा जास्त असेल तेव्हा फुग्याने झडप रुंद करतात; माझे कॉलेजात असताना तेच झाले होते. मात्र फुग्याने गळती थांबत नाही, उलट वाढू शकते. मुळातच अरुंद असलेल्या भोकाची क्लिपने दोन भोके केली तर रक्त पुढे जायला वाटच उरत नाही, म्हणून क्लिपही आमच्या कामाची नाही. पुढे गळती वाढल्यावर मला धातूची झडप बसवावी लागली.

धातूची झडप टिकते, पण त्याबरोबर रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम जन्माची सोबत होते. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचा आकडा, २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहावा म्हणून वेळोवेळी रक्त तपासायचे. पालक, मेथी, अळू खायचेच नाही असे नसते, रोज साधारण सारखे खायचे. श्रावणात आठवडाभर भाजीवर भाजी आणि मग महिनाभर काहीच नाही, असे केले की आकडा हलतो. दुखण्यावरची कोणतीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मासिक पाळीचा त्रास किती वाढतो, ते तर कोणी आधी बोलतच नाही. दुरुस्ती झाली तर यातले बहुतेक सगळे टळते. बऱ्याच जणांना रक्त पातळ करणारे औषध पहिले काही महिनेच देतात. ताईंच्या झडपेचा आजार दुरुस्तीला सर्वांत अनुकूल आहे, तेव्हा ती संधी चिरेच्या लांबीपायी घालवू नका.

घोडबंदर उतार

माझी दुरुस्ती गेल्या वर्षी बाजूच्या लहान चिरेतून झाली, वय ४४, आजार ताईंसारखाच. मी खूश आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. हाड कापलेले नसल्यामुळे वजन उचलण्याचे आणि गाडी चालवण्याचे बंधन लवकर सुटले. छाती उघडलेल्यांना हाड जुळेपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे, दुचाकी बंद आणि पाण्याची भरलेली कळशीही उचलायची नाही असे सांगतात. माझा धंदा फिरतीचा आहे, मला तो फरक मोलाचा होता.

पण दोन गोष्टी आधी कोणी सांगितल्या नव्हत्या. बरगड्यांमधली नस ताणली गेल्याने त्या पट्ट्यात कित्येक आठवडे आग व्हायची, शर्टाचे कापड लागले तरी. आणि जांघेतल्या जखमेतून पिवळसर पाणी झिरपत राहिले. लसिका वाहिन्या दुखावल्या की असे होते म्हणे. छातीची जखम पार बरी झाली तरी ड्रेसिंगला चकरा सुरू होत्या त्या जांघेसाठी. पंपवाला काकांनी म्हटले तसे, शस्त्रक्रिया लहान नव्हती; पहिल्या रात्री अतिदक्षता विभागात नळ्या तेवढ्याच होत्या.

हिशेबनीस

पैशाचे कोणीच विचारत नाही म्हणून लिहितो. खोलीभाड्याची मर्यादा पॉलिसीत असेल तर त्याहून वरची खोली घेऊ नका; अनेक पॉलिसींत केवळ खोलीचा फरक नव्हे, तर सर्जनच्या शुल्कासकट बऱ्याच बाबी त्याच प्रमाणात कापल्या जातात. लहान चिरेच्या शस्त्रक्रियेत खास नळ्या आणि एकदाच वापरायचे साहित्य जास्त लागते, ते ‘कन्झ्युमेबल’ म्हणून नाकारले जाणार का, हे अंदाजपत्रकावर लिहून मागा. रोबोटच्या साहाय्याने करणार असतील तर अनेक पॉलिसींत रोबोटिक शस्त्रक्रियेला वेगळी उपमर्यादा आहे, ती पाहा.

विमा नसेल किंवा अपुरा असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात. मात्र रुग्णालय योजनेत असले पाहिजे आणि त्या विभागासाठी असले पाहिजे. शिधापत्रिका व आधार घेऊन तेथल्या आरोग्यमित्राला भेटा, तेही भरती होण्याआधी. मागाहून काही होत नाही.

वर्तकनगरकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पंपवाला काकांच्या एका प्रश्नाने सगळे चित्र पालटले.

दोन्ही ठिकाणी ताईला ‘टीबी झाला होता का’ असे विचारले होते आणि तिने नाही म्हणून सांगितले होते. येथला प्रश्न वाचून मी तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली की लग्नाआधी छातीत पाणी झाले होते, सुईने काढले होते आणि मग बरेच महिने गोळ्या होत्या. बाजू कोणती, ते तिला सांगता येईना. आईला मात्र पक्के आठवत होते की उजवी. दुसऱ्या सर्जनना हे कळवले, तेव्हा त्यांनी ताबडतोब छातीपासून जांघेपर्यंतचा सीटी करायला सांगितला. उजव्या फुप्फुसावरचे आवरण जाड होऊन काही ठिकाणी त्यात कॅल्शियम साचले आहे आणि फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले आहे. लहान चिरेची पद्धत सुचवणाऱ्या त्याच सर्जननी आपणहून सांगितले की ताईच्या बाबतीत ते बाजूने जाणार नाहीत.

घशातला इकोही झाला. मागच्या पाकळीचा मधलाच भाग खराब आहे, पुढची पाकळी उत्तम आहे आणि दुरुस्ती जमण्याची शक्यता खूप चांगली आहे, असे दोघेही म्हणाले. अडचण एवढीच की हाड कापणार म्हटल्यावर ताई हिरमुसली आहे. एवढी तयारी करून शेवटी जुन्याच पद्धतीने करायचे का, असे तिला वाटते.

पंपवाला

त्या सर्जनबद्दल माझा आदर वाढला. चिकटलेले फुप्फुस सोडवायला घेतले की ते जागोजाग फाटते, आणि पुढे हेपरिन देऊन रक्त पातळ केल्यावर त्या प्रत्येक ओरखड्यातून रक्त झिरपत राहते. अर्ध्यातून छाती उघडावी लागली तर रुग्णाच्या वाट्याला दोन्ही जखमा येतात. मी असे प्रसंग पाहिले आहेत.

ताईंना सांगा की जुनी पद्धत म्हणजे कमी प्रतीची पद्धत नव्हे. कार्पेंतिए यांनी दुरुस्तीचे सगळे तंत्र उघड्या छातीतूनच बसवले, आणि हाडाच्या चिरेतून सर्जनला झडप दोन्ही हातांच्या अंतरावर मिळते. तुम्ही एक विचारा: त्वचेवरची चीर वरून थोडी खाली, ब्लाउजच्या गळ्यात झाकेल अशी घेता येईल का? पुष्कळ सर्जन विचारले तर घेतात, विचारले नाही तर त्यांच्या लक्षात राहत नाही.

सानपाडा स्लो

आता झडप बदलण्याची वेळ आलीच तर कोणती, तेही आधी ठरवून संमतीपत्रावर लिहून घ्या. या वयात धातूची आणि जनावराच्या ऊतीची, दोन्हींच्या बाजूने बोलता येते. ऊतीची झडप १०-१५ वर्षांनी झिजते, धातूच्या झडपेचे शेवंतीताईंनी लिहिलेच आहे. भुलीत असलेल्या माणसाला विचारता येत नाही आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना तेव्हा काही सुचत नाही.

वर्तकनगरकर (धागाकर्ता)

ठरले. छाती उघडून दुरुस्ती, पहिल्याच सर्जनकडे. त्यांनी दुरुस्त्यांचा स्वतःचा हिशेब न विचारता पुढे ठेवला, ते भावोजींनाही पटले. चीर गळ्याखालूनच घेणार आहेत. दुरुस्ती न जमल्यास ऊतीची झडप, असे ताईने स्वतः सांगितले. दातांतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊ नयेत म्हणून दातांची तपासणी करून आणायला सांगितली आहे, एक दाढ काढावी लागेल आणि तिची जखम भरल्यावर तारीख मिळेल. तोपर्यंत श्वासाच्या व्यायामाचा तीन चेंडूंचा स्पायरोमीटर आणून ठेवला आहे; श्वास ओढला की दोन चेंडू वर जातात, तिसरा अजून हलत नाही. घरी आल्यावर काय सांभाळायचे, ते कोणी लिहिले तर बरे होईल.

खाडीकाठ

पहिल्या आठवड्यात ठोके अनियमित होणे फार सामान्य आहे, साधारण तिघांत एकाला होते आणि बहुतेकदा औषधाने आटोक्यात येते, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण घरी आल्यावर छातीत फडफड जाणवली, दोन दिवसांत वजन दोन किलोने वाढले किंवा ताप आला तर वाट न पाहता कळवा. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. झडपेवर रिंग बसणार असल्याने यापुढे दाताचे कोणतेही रक्त येणारे काम करण्याआधी प्रतिजैविकाचा एक डोस घ्यावा लागेल, ते प्रत्येक दंतवैद्याला आपणच सांगायचे.

घरी सोडण्यापूर्वी जो इको करतील त्याचा अहवाल आणि सीडी दोन्ही मागून घ्या, नुसता कागद नको. पुढे दरवर्षीच्या तपासणीत गळती वाढली की तेवढीच आहे, हे आम्ही त्या पहिल्या चित्रांशी ताडूनच सांगतो, आणि दहांतले आठ रुग्ण ती घेऊन येत नाहीत.

वर्तकनगरकर (धागाकर्ता)

सीडीचे नोंदवून ठेवले. दाढ येत्या सोमवारी काढणार आहेत.